प्रतिपिंड-औषधांच्या उत्पादनात प्रथिनांचे पुंजके कसे ओळखावेत

मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रतिपिंडांपासून बनवलेली औषधे, आज कर्करोगापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांवर दिली जातात आणि त्यांतली बरीचशी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या सीएचओ पेशींमध्ये तयार होतात. या औषधांतला आयजीजी (इम्युनोग्लोब्युलिन जी, प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) रेणू सुमारे १,५०,००० डाल्टन वजनाचा आणि साधारण १० ते ११ नॅनोमीटर व्यासाचा असतो. उत्पादनाच्या प्रवासात आम्ल, उष्णता, हवेचे बुडबुडे, पंपाचे घर्षण किंवा गोठणे-वितळणे यांपैकी कशानेही या रेणूची घडी थोडी उलगडली, की आत दडलेले जलविरोधी भाग उघडे पडतात, शेजारच्या रेणूच्या तशाच भागांना चिकटतात आणि दोन, चार, शेकडो रेणूंचे पुंजके बनू लागतात. प्रयोगशाळेत यांनाच सर्रास अ‍ॅग्रिगेट म्हणतात.

हे पुंजके शोधण्याची एवढी निकड का आहे, याचा पुरावा मोनोक्लोनल औषधे येण्याच्याही आधीचा आहे. मानवी रक्तद्रवातून वेगळे केलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिल्यावर काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येत असत. बारांडुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली या प्रतिक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यामागे द्रावणातले प्रतिपिंडांचे पुंजके असल्याचे पुढे स्पष्ट झाले. प्रतिजन समोर नसतानाही असे पुंजके रक्तातली पूरक-प्रथिनांची साखळी चालू करू शकतात. शिवाय पुंजक्यांमुळे रुग्णाचे शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करण्याचा धोका वाढतो, आणि मग औषध गुण देईनासे होते. म्हणूनच १९९९ सालच्या आयसीएच (औषधांचे नियम जुळवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) क्यू६बी या मार्गदर्शक दस्तऐवजापासून पुंजके मोजणे हे प्रथिन-औषधांच्या गुणवत्तेचे अनिवार्य अंग मानले जाते.

पुढील मार्गदर्शन बायोटेक्नॉलॉजी किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकून गुणनियंत्रण वा प्रक्रिया-विकास विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. त्यात एकच आग्रह आहे: एका यंत्राच्या एका आकड्यावर विसंबू नये. दोन रेणूंच्या डायमरपासून डोळ्यांना दिसणाऱ्या तंतूपर्यंत पुंजक्यांचा आकार सुमारे दहा हजारपट बदलतो, आणि हा सगळा पल्ला पाहू शकेल असे एकही उपकरण नाही.

नमुना कुठून आणि कसा घ्यावा

पुंजके शेवटच्या कुपीत सापडले तर ते कुठे जन्मले हे सांगता येत नाही. म्हणून ज्या टप्प्यावर रेणूला ताण बसतो त्याच्या आधी आणि नंतर, अशा जोडीनेच नमुने घ्यावेत. सर्वांत जोखमीची जागा म्हणजे प्रोटीन ए कॉलम (अँटीबॉडी पकडून ठेवणारा शुद्धीकरणाचा स्तंभ) आणि त्यानंतरची आम्लातली धारणा. कॉलमला चिकटलेली अँटीबॉडी सोडवण्यासाठी पीएच साधारण ३ ते ३.६ पर्यंत उतरवावा लागतो, आणि नंतर विषाणू निष्क्रिय करण्यासाठी तेच द्रावण बहुधा ३.५ ते ३.७ च्या आसपासच्या पीएचवर काही काळ, अनेकदा तासभर, ठेवले जाते. रेणूच्या एफसी भागातला (वाय-आकाराच्या रेणूच्या बुंध्यातला) सीएच२ हा घटक आम्लाला विशेष हळवा असतो. येथे शून्य, ३०, ६० आणि १२० मिनिटांना नमुने घेऊन ते तत्काळ ट्रिस बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या आम्लारी द्रावणाने) उदासीन करावेत. उशिरा उदासीन केलेला नमुना टाकीतली स्थिती दाखवत नाही, तो नळीतली स्थिती दाखवतो. आम्लारी टाकतानाही तो एका जागी ओतू नये, कारण त्या क्षणी तिथला पीएच कमालीचा चढतो आणि मोजायला निघालेले पुंजके आपल्याच हातून तयार होतात.

दुसरी जागा अल्ट्राफिल्ट्रेशनची, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून गाळून द्रावण दाट करण्याची. तिथे द्रावण पंपातून पुन्हा पुन्हा फिरते आणि पडद्यालगत प्रथिनाची घनता टाकीपेक्षा बरीच वाढते. तिसरी जागा गोठवून साठवलेल्या मालाची; हळू गोठताना बर्फ पाण्याला बाजूला काढते आणि उरलेल्या द्रवात प्रथिन व क्षार दाटतात. चौथी भरण्याच्या यंत्राची, विशेषतः पिस्टन पंप वापरला असेल तर. आयन एक्स्चेंजच्या (विद्युतभारानुसार वेगळे करण्याच्या) टप्प्यावर मात्र पुंजके बहुधा कमी होतात, तेव्हा तिथला नमुना ते किती निघाले हे पाहण्यासाठी घ्यावा.

पेशी गाळून उरलेल्या कच्च्या द्रवाची गोष्ट वेगळी आहे. त्यात पेशींची शेकडो इतर प्रथिने असल्यामुळे तो थेट मोजता येत नाही, आधी छोट्या प्रोटीन ए कॉलमवर शुद्ध करावा लागतो. पण ही शुद्धी स्वतःच आम्ल वापरते. म्हणून पुंजके जवळजवळ नसलेला शुद्ध मोनोमरही (सुटे, एकेकटे रेणू) त्याच छोट्या कॉलममधून त्याच दिवशी काढावा आणि त्यात जेवढी वाढ दिसेल तेवढा वाटा शुद्धीचा आहे, हे हिशेबात धरावे.

नमुना हाताळताना तो जोरात हलवू नये, व्हॉर्टेक्सवर (नळी वेगाने घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नये आणि पिपेटमधून फेस येईल असा सोडू नये, कारण हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिन पसरते आणि उलगडते. २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून शक्यतो त्याच दिवशी मोजावा. सोयीसाठी गोठवून ठेवलेला नमुना निरुपयोगी ठरू शकतो, कारण मग गोठण्याचा परिणाम कोणता आणि प्रक्रियेचा कोणता हे वेगळे करता येत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळण्याची सवय तर या कामात सोडूनच द्यावी. मोठे पुंजके तिथेच अडकतात आणि अहवाल स्वच्छ येतो. एचपीएलसीचा (उच्च दाबाने द्रव कॉलममधून सोडणाऱ्या यंत्राचा) कॉलम जपायचा असेल तर नमुना सेंट्रिफ्यूज करावा, तळाशी गाळ बसला का ते पाहावे आणि बसला असल्यास त्याची नोंद करावी.

मुख्य चाचणी: साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी

रोजच्या कामातली कणा असलेली पद्धत म्हणजे साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी, थोडक्यात एसईसी. सच्छिद्र मण्यांच्या कॉलममध्ये मोठे पुंजके छिद्रांत शिरू शकत नाहीत म्हणून आधी बाहेर पडतात, त्यांच्यामागून मोनोमर आणि शेवटी तुटलेले तुकडे येतात. अमेरिकी फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाच्या) १२९ क्रमांकाच्या प्रकरणात अँटीबॉडीसाठी दिलेल्या पद्धतीत पीएच ६.२ चा ०.२ मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, ०.२५ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि मिनिटाला ०.५ मिलिलिटर प्रवाह आहे. नव्या रेणूसाठी सुरुवात इथूनच करावी असे माझे मत आहे. शोषण २८० नॅनोमीटरवर मोजावे.

७.८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३० सेंटिमीटर लांबीच्या कॉलमचे एकूण आकारमान सुमारे १४.३ मिलिलिटर भरते, म्हणजे या प्रवाहाला सगळे काही साधारण अर्ध्या तासात बाहेर यायला हवे. अशा कॉलमवर मोनोमरचे शिखर बहुधा १६ ते १७ मिनिटांच्या आसपास दिसते, डायमर त्याच्या एक-दोन मिनिटे आधी, आणि फार मोठे पुंजके त्याहून आधी. अर्ध्या तासानंतरही काही बाहेर येत असेल, तर ते आकारानुसार वेगळे होत नसून मण्यांना चिकटत चिकटत येत आहे असे समजावे.

क्रोमॅटोग्राम, म्हणजे एसईसीचा आलेख, वाचताना सर्वाधिक लक्ष मोनोमर आणि डायमर यांच्यामधल्या दरीकडे द्यावे. पूर्ण उंचीचा आलेख पाहिला तर एकच देखणे शिखर दिसते. उभा अक्ष मोनोमरच्या उंचीच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत मोठा करून पाहिला की डायमरचा उंचवटा, त्याच्या आधीची पसरट टेकडी आणि मोनोमरमागची तुकड्यांची पायरी उघड होते. दरीचा तळ पायाभूत रेषेपर्यंत उतरत नसेल, तर सॉफ्टवेअर तिथून सरळ खाली रेघ पाडते आणि मोनोमरच्या क्षेत्राचा काही भाग डायमरला किंवा डायमरचा मोनोमरला जातो. ही रेघ कुठे पडावी हे कार्यपद्धतीच्या दस्तऐवजात आकृतीसह ठरवून टाकावे. दर वेळी विश्लेषकाने माउसने रेघ हलवणे हे आकड्याला इच्छेप्रमाणे वळवण्यासारखे आहे आणि ते कोणत्याही कारणासाठी मान्य करू नये.

नवा कॉलम पहिल्या काही इंजेक्शनांत प्रथिन, त्यातही पुंजके, गिळून टाकतो. म्हणून सलग दोन क्षेत्रफळे जुळेपर्यंत त्यावर तोच नमुना सोडत राहावा. मोनोमरचे शिखर डिटेक्टरच्या रेषीय मर्यादेबाहेर गेले तर मोनोमर कमी मोजला जातो आणि पुंजक्यांची टक्केवारी फुगते. चिकटणे कमी करण्यासाठी बफरमध्ये आर्जिनीन हे अमिनो आम्ल घालतात, परंतु जास्त क्षार किंवा आर्जिनीन काही सैल पुंजके सोडवूही शकते, तेव्हा बदल करण्याआधी दोन्ही बफरमध्ये एकच नमुना चालवून पाहावा. यंत्राची तब्येत रोज तपासण्यासाठी स्थिर संदर्भ-नमुना हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१६ पासून उपलब्ध केलेला एनआयएसटीमॅब हा १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा आयजीजी१ संदर्भ-पदार्थ पद्धत बसवताना उपयोगी पडतो. रोजच्या वापरासाठी आपल्याच औषधाचा अंतर्गत संदर्भ-साठा तयार करून ठेवावा.

कॉलममधून जे बाहेरच आले नाही

एसईसीची टक्केवारी नेहमी बाहेर आलेल्या क्षेत्राची असते. जे पुंजके गार्ड कॉलमच्या (मुख्य कॉलमच्या आधीच्या छोट्या संरक्षक कॉलमच्या) जाळीवर अडकले, ते ना वरच्या अंकात येतात ना खालच्या. त्यामुळे वसुली, म्हणजे सोडलेल्या प्रथिनापैकी किती परत आले, हे तपासल्याखेरीज अहवालावर सही करू नये. कॉलमच्या जागी साधी जोडनळी लावून ठरावीक नमुना सोडावा, त्याचे एकूण क्षेत्रफळ मोजावे आणि कॉलम लावून आलेल्या एकूण क्षेत्रफळाशी ताडून पाहावे. उदाहरणादाखल, कॉलमशिवाय ५,००० एकके आली आणि कॉलममधून ४,६०० आली, तर वसुली ९२ टक्के झाली. अहवालात पुंजके १.५ टक्के दिसत असतील, पण ८ टक्के प्रथिनाचा पत्ताच नाही. हे ८ टक्के पुंजकेच असतील असे नाही, मोनोमरही चिकटलेला असू शकतो. परंतु तोच प्रयोग ताज्या, निकोप नमुन्यावर केल्यावर वसुली ९९ टक्के आली, तर संशय पुंजक्यांवरच जातो.

या जोडीला ३५० नॅनोमीटरवरचे शोषण मोजणे अगदी स्वस्त आणि झटपट होते. शुद्ध अँटीबॉडी या तरंगलांबीवर प्रकाश शोषत नाही, त्यामुळे तिथे दिसणारा आकडा म्हणजे कणांनी विखुरलेला प्रकाश. नमुना गढूळ असेल तर २८० नॅनोमीटरवरून काढलेली प्रथिनाची मात्राही वाढीव येते, म्हणून ती दुरुस्त करूनच वसुलीचा हिशेब मांडावा. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. आम्लातली धारणा संपवून द्रावण उदासीन केल्यावर जो गढूळपणा येतो, तो बहुतेक वेळा पेशींची इतर प्रथिने आणि डीएनए खाली बसल्यामुळे येतो. तो पाहून अँटीबॉडीचे पुंजके झाले असा निष्कर्ष घाईने काढू नये; गाळ वेगळा करून त्यात अँटीबॉडी किती आहे हे आधी पाहावे.

सांद्र औषधांचा प्रश्न आणखी निराळा. त्वचेखाली टोचायची औषधे अनेकदा १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरहून अधिक दाट असतात आणि चाचणीसाठी ती विरळ करावी लागतात. विरळ केल्यावर सुटणारे पुंजके एसईसीला दिसतच नाहीत. त्यासाठी औषधाच्याच बफरमध्ये विरळ करून लगेच, चार तासांनी आणि चोवीस तासांनी असे तीनदा मोजावे. आकडा उतरत गेला तर पुंजके उलटणारे आहेत, स्थिर राहिला तर पक्के.

एसईसीला साक्षीदार

विकासाच्या काळात निदान एकदा तरी एसईसीचे निकाल अ‍ॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूजशी पडताळावेत. मिनिटाला ४०,००० च्या आसपास फेऱ्यांवर मोनोमर आणि डायमर वेगवेगळ्या वेगाने तळाकडे सरकतात, आणि इथे मणी किंवा जाळी नसल्यामुळे काही अडकून राहत नाही. वेळखाऊ आहे, रोज शक्य नाही, पण एसईसी काही लपवत आहे का याचे उत्तर हीच पद्धत देते. एसईसीच्या पुढे बहुकोनी प्रकाश-विखुरण मोजणारा डिटेक्टर जोडला तर प्रत्येक शिखराचे रेणुभारही थेट कळतात, आणि आधी आलेले शिखर खरोखर ३,००,००० डाल्टनचे आहे की दुसरेच काही, हा वाद मिटतो.

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगचे (विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून कणांचा आकार काढणारे) यंत्र जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत असते आणि त्याचा गैरवापरही तितकाच होतो. छोट्या कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा प्रकाश विखुरतो. त्यामुळे मोठ्या पुंजक्यांचा मागमूस लावायला ही पद्धत अतिशय तीक्ष्ण आहे, पण ते किती आहेत हे सांगायला कच्ची, आणि मोनोमर-डायमर वेगळे करायला असमर्थ. तिच्या आलेखावरून पुंजक्यांची टक्केवारी लिहू नये. तिचा उपयोग पहारेकऱ्यासारखा करावा: कालच्या नमुन्यापेक्षा आज सरासरी व्यास वाढला का, एवढेच विचारावे.

मायक्रॉनच्या पातळीवर पद्धत पूर्ण बदलते, आणि ती वगळता येत नाही याचे कारण साध्या गणितात आहे. फार्माकोपियाच्या मर्यादेनुसार १०० मिलिलिटरपर्यंतच्या कुपीत १० मायक्रॉन व त्याहून मोठे कण ६,००० पर्यंत आणि २५ मायक्रॉन व त्याहून मोठे कण ६०० पर्यंत चालतात. १० मायक्रॉनचे ६,००० भरीव गोळे प्रथिनाचेच आहेत असे धरले तरी त्यांचे वजन जेमतेम ४ मायक्रोग्रॅम भरते. कुपीत १०० मिलिग्रॅम औषध असेल तर हे प्रमाण ०.००४ टक्के होते. एसईसीमध्ये ते कधीही दिसणार नाही, आणि कुपी मात्र मर्यादेच्या काठावर असेल.

हे कण मोजण्याची अधिकृत पद्धत लाइट ऑब्स्क्युरेशन, म्हणजे कणाने अडवलेला प्रकाश मोजणे. प्रथिनाचे कण पारदर्शक आणि पाण्यासारख्याच अपवर्तनांकाचे असल्यामुळे ते इथे कमी मोजले जातात, म्हणून फ्लो इमेजिंगने त्यांची छायाचित्रे घेणे श्रेयस्कर. चित्रांत प्रथिनाचे पुंजके वेडेवाकडे, फिकट, तंतूंच्या गुंत्यासारखे दिसतात. सिरिंजमधले सिलिकॉन तेल नेटके गोल थेंब म्हणून दिसते आणि हवेचे बुडबुडेही गोलच असतात. बुडबुडे टाळण्यासाठी नमुना कमी दाबाखाली थोडा वेळ ठेवून हवा काढावी. डोळ्यांनी करायची तपासणी २,००० ते ३,७५० लक्स प्रकाशात, काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर प्रत्येकी पाच सेकंद, कुपी अलगद फिरवून करावी.

पद्धत खरी आहे हे कसे सिद्ध करावे

निकोप नमुन्यात पुंजके न दिसणे हा पद्धतीच्या क्षमतेचा पुरावा नाही. त्यासाठी मुद्दाम पुंजके तयार करावेत, आणि तेही वेगवेगळ्या मार्गांनी: ६० अंशांच्या आसपास तापवून, आम्लात ठेवून, हलवून, पाच वेळा गोठवून-वितळवून आणि तीव्र प्रकाशात ठेवून. तापवल्याने बनणारे पुंजके आणि हलवल्याने बनणारे पुंजके एकसारखे नसतात; हलवलेल्या नमुन्यात अनेकदा एसईसी जवळपास निर्दोष येते आणि फ्लो इमेजिंगमध्ये कणांची गर्दी दिसते. एसईसीमधून गोळा केलेले डायमर शुद्ध मोनोमरमध्ये ०.५, १, २ आणि ५ टक्के मिसळून परत मोजावेत, म्हणजे पद्धत किती खालपर्यंत प्रामाणिक आहे हे समजते.

बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैव-औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, बनवणाऱ्यांना यात एक जादा जबाबदारी आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली रिट्युक्सिमॅब या मोनोक्लोनल औषधाची आवृत्ती आणली तेव्हापासून आपल्याकडे हे क्षेत्र वाढत गेले, आणि अशा औषधांसाठीची भारतीय मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली आली व २०१६ साली सुधारली गेली. तुलनेसाठी बाजारातून घेतलेल्या मूळ औषधाच्या कुप्या निरनिराळ्या वयाच्या असतात आणि वयाबरोबर पुंजके वाढतात. म्हणून प्रत्येक कुपीच्या आकड्याशेजारी तिची मुदत संपण्याची तारीख लिहावी, आणि आपला व मूळ माल एकाच दिवशी, एकाच कॉलमवर, आलटून पालटून चालवावा. नाहीतर आपला ताजा माल जुन्या कुपीपेक्षा सरस ठरवणे फार सोपे जाते.

आकडा वाढलेला दिसल्यावर

प्रथम तोच नमुना पुन्हा चालवून संदर्भ-नमुना त्या दिवशी योग्य आला होता का ते पाहावे. आला असल्यास नमुन्यांच्या जोड्या उलट क्रमाने तपासत वाढ पहिल्यांदा कुठे दिसली तो टप्पा गाठावा, आणि त्या टप्प्यावरचा धारणेचा काळ, पीएचचा आलेख व तापमानाची नोंद मागील बॅचशी ताडावी. एसईसी आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूज दोन्हींत वाढ असेल तर कारण बहुधा आम्ल, उष्णता किंवा साठवण. एसईसी स्थिर आणि फक्त मायक्रॉनचे कण वाढले असतील तर पंप, भरण किंवा सिरिंज. क्षपण (रिडक्शन) न करता केलेल्या सीई-एसडीएस चाचणीत (प्रथिनाची घडी उलगडून बारीक नळीत विजेच्या दाबाने आकारानुसार वेगळे करणे) डायमर टिकून राहिला तर तो सहसंयुज बंधाने जोडलेला आहे, आणि मग डायसल्फाइडची अदलाबदल किंवा ऑक्सिडेशन शोधावे.

कण वाढले पण ते प्रथिनाचे आहेत की नाहीत अशी शंका असेल, तर ते गाळणीवर गोळा करून इन्फ्रारेड किंवा रामन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावेत. साठवणीच्या काळात अनेक महिन्यांनी उगवणारे कण कधी कधी प्रथिनाचे नसून मेदाम्लांचे निघतात: पेशींतून आलेला लायपेज हा विकर अत्यल्प प्रमाणात औषधात राहतो, पॉलीसॉर्बेट या प्रथिन जपण्यासाठी घातलेल्या पदार्थाचे विघटन करतो आणि सुटलेली मेदाम्ले खाली बसतात. अशा वेळी उरलेल्या पॉलीसॉर्बेटची मात्राही मोजावी, कारण हवेच्या पृष्ठभागापासून प्रथिनाला वाचवणारा घटक तोच असतो आणि तो घटला की आज मेदाम्लांचे असलेले कण पुढच्या मुदत-चाचणीपर्यंत प्रथिनाच्या पुंजक्यांनाही वाट करून देऊ शकतात. उपाय मग भरण विभागात सापडत नाही. शुद्धीकरणाच्या टप्प्यांत तो लायपेज कुठे निसटतो, ते शोधायला मागे जावे लागते.